सावडीबाहेर

कोसिवाचा दिवस पहाटे चारला सुरू होई. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे, त्यामुळे माझाही तेव्हाच सुरू होई. आधी खोकला, मग खराटा. अंगण झाडून झालं की ती सुरीला धार लावायला बसे. दगडावर सुरी घासल्याचा आवाज आला की मी झोपेचा नाद सोडून देई.

तिचा नवरा व्होल्टाच्या तळ्यावर मासेमारी करायचा. एका वादळात होडी किनाऱ्याला लागली, तो लागला नाही. थोरला मुलगा आक्रात गाडी चालवतो, धाकटा सीमेपलीकडे लोमेला असतो. दोघे रविवारी फोन करतात. फोन झाला की ती तो कमरेच्या कापडात खोचून ठेवते आणि पुढच्या रविवारपर्यंत त्याच्याकडे बघत नाही. मला ती एफो म्हणते, थोरल्या भावाला म्हणतात तसं. खरं म्हणजे वयानं आम्ही बरोबरीचे.

घरात ती एकटी होती, पण तिला एकटी म्हणावं असं तेव्हा कुणाला वाटत नसे. कारण ती सावडीत होती.

आमच्याकडे गारी, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा, करणाऱ्या बायकांचं सगळं सावडीवर चालतं. कसावा एकदा जमिनीतून उपटला की थांबत नाही. दोन दिवसांत आतून काळा पडतो. म्हणून उपटला त्याच दिवशी तो सोलून व्हावा लागतो, आणि एका बाईच्या हातानं अख्खा वाफा सोलून होत नाही. मग पाच जणी एकत्र येतात. आज हिचा, परवा तिचा. गिरणीत किसून, गोणीत दाबून, पाणी काढून, आंबवून, चाळून झालं की भाजायलाही त्याच पाच जणी एका छपराखाली बसतात. पैसे कुणी कुणाला देत नाही. जिचा कसावा असेल तिनं जेवण करायचं, एवढंच.

कोसिवाच्या सावडीत लेबेने थोरली होती. हाताला जड, बोलायला त्याहून जड. दुसरी अफी, जिला गप्प बसता येत नाही. आणि पाण्याच्या टाकीजवळच्या दोघी जावा, ज्या आपसांत भांडत आणि बाकी सगळ्यांशी एकजुटीनं वागत. भिंतीच्या अलीकडून मला त्यांचं सगळं ऐकू येई.

"लेबेनेताई, हा कसावा आहे की झाडाचं खोड? माझी सुरी रडायला लागली."

"सुरीला धार लाव, अफी. तोंडाला आहे तेवढी पुरे."

"तोंडानं सोलता आलं असतं तर मी एकटीनं गाव सोललं असतं."

"गाव तर तू रोजच सोलतेस," कोसिवा म्हणे, आणि मग तिला हसता हसता खोकला येई. गारी भाजणाऱ्या बायकांना तो येतोच. रुंद कढईखाली लाकडं धुमसत असतात आणि तोंड कढईवरच धरावं लागतं, कारण भोपळ्याच्या कवचाचा तुकडा हातात घेऊन सतत परतत राहिलं नाही तर गारी तळाला लागते. कोसिवाचा खोकला इतरांपेक्षा खोल होता.

टेकडीवरच्या विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये मी निवृत्त होईपर्यंत वेल्डर होतो. सुरुवातीची पुष्कळ वर्षं आम्ही खुर्च्या आणि खिडक्यांचे गज दुरुस्त केले. मग उद्योग केंद्र आलं, आणि त्याच्या प्रमुख म्हणून आग्बेको मॅडम आल्या. त्यांनी वर्कशॉपच्या दारावरचं कुलूप काढलं आणि सांगितलं की यापुढे हे विद्यार्थ्यांसाठी उघडं राहील.

त्यांची पद्धत मला पहिल्यापासून आवडली, कारण तिच्यात आळशी माणसाला जागा नव्हती. यंत्रं शिकणारा एक, शेती शिकणारा एक, हिशेब शिकणारा एक असे एकमेकांना न ओळखणारे विद्यार्थी एका गटात टाकायचे. पहिले काही महिने हातात हातोडाही द्यायचा नाही. गावात जायचं, लोकांजवळ बसायचं, त्यांचं काम स्वतःच्या हातानं करायचं. मग वस्तू करायची. आणि वस्तू केली म्हणून काम संपलं असं नाही. मॅडम म्हणत, "तुमचं नावही ठाऊक नसलेल्या माणसानं ती स्वतःच्या पैशानं विकत घेतली की या. तोवर मला दाखवू नका." पुष्कळ गट इथंच गळून पडत. उरत त्यांना केंद्र थोडं भांडवल देई, कंपनी काढायला मदत करी.

सेलोर्म नावाची मुलगी अशा एका गटाची पुढारी होती. मॅडम तिला घेऊन बायकांच्या छपराखाली आल्या, तेव्हा मीही माप घ्यायला बरोबर होतो. पाच मिनिटांत धुरानं सेलोर्मचे डोळे वाहू लागले.

"काय गं पोरी, लग्न ठरलंय वाटतं," अफी म्हणाली. "आत्तापासून रडतेस?"

"नाही मावशी, धूर..."

"धूरच तो. नवरा वेगळा काय असतो?"

सेलोर्म हसली, डोळे पुसले आणि कवचाचा तुकडा हातात घेऊन कढईपाशी बसली. ती रोज यायला लागली. कसावा सोलताना बोट कापून घेतलं, तरी आली. महिनाभरानं तिच्या गटानं ठरवलं की धूर बाहेर नेणारी, लाकूड कमी खाणारी आणि एका बाईला एकटीनं सांभाळता येईल अशी चूल करायची. ती कुणातरी एकीच्या अंगणात बसवून सहा महिने वापरून बघायची. जी वापरेल तिला विद्यापीठ दरमहा पगार देईल. याबाबत मॅडम कडक होत्या. "विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी गरिबाची मेहनत फुकट वापरायची नाही," त्या म्हणाल्या. "ज्याचा घाम, त्याला दाम."

"मग कुणाच्या अंगणात बसवायची?" सेलोर्मनं विचारलं.

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. लेबेनेनं कवच खाली ठेवलं. "हिच्याकडं बसवा," ती कोसिवाकडं हनुवटी करत म्हणाली. "हिच्या खोकल्यानं माझ्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्यात."

असं ठरलं. लेबेनेनंच ठरवलं, हे लक्षात ठेवायला हवं.

चूल तीनदा केली. पहिलीचं धुराडं इतकं ओढायचं की निम्मी ऊब आभाळात जाई. दुसरीची कढई तापून वाकली. सेलोर्म वेल्डिंग शिकली. तिचा पहिला सांधा मी छिन्नीनं तोडला आणि पुन्हा करायला लावला. दुसराही तोडला. तिसरा राहू दिला. तिनं तोंड वाकडं केलं नाही, म्हणून मी शिकवलं. तिसरी चूल चांगली झाली. आजही ती उभी आहे आणि तिचा एकही टाका सुटलेला नाही.

कोसिवाच्या अंगणात चूल बसली. शेजारी बांबूवर धूर मोजणारी एक पेटी लावली, तिच्यात लाल दिवा मिणमिणत राही. पंधरा दिवसांत कोसिवाचा खोकला उतरला. दीड महिन्यानं पहाटे फक्त खराटा ऐकू येऊ लागला. मी चुकून उशिरापर्यंत झोपू लागलो. गारीही पांढरीशुभ्र होऊ लागली, धुराचा वास नसलेली, आणि आक्राच्या व्यापारी बायका तिच्यासाठी जास्त भाव देऊ लागल्या. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं.

पहिला पगार झाला त्या आठवड्यात सावडीची पाळी कोसिवाची होती. पाचही जणी तिच्या अंगणात बसून सोलत होत्या. मी भिंतीपाशी माझी सायकल दुरुस्त करत होतो. कोसिवानं मक्याच्या पिठाचे अक्पलेचे गोळे आणि भेंडीचं कालवण केलं होतं, वर धुरावलेली मासळी. सोलणं संपलं तशी ती आत गेली आणि नोटांच्या चार घड्या घेऊन आली. प्रत्येकीच्या हातात एकेक घडी ठेवली.

"हे काय?" लेबेनेनं विचारलं.

"विद्यापीठानं दिलेत. तुम्ही सोललंत म्हणून तर माझं काम होतंय. मी एकटीनं कसं खाऊ?"

अफीनं नोट उजेडात धरली. "अगं बाई! आपण तर नोकरीला लागलो."

दोघी जावा हसल्या. लेबेने हसली नाही. तिनं नोटा कमरेच्या गाठीत खोचल्या, सुरी धुतली आणि उठली.

"जेवून जा ना, ताई," कोसिवा म्हणाली.

"मजूर आपल्या घरी जेवतो."

"कोण मजूर? काय बोलतेस?"

लेबेने चालू लागली. अफीनं भांड्याकडं पाहिलं, लेबेनेच्या पाठीकडं पाहिलं, आणि मीही निघते म्हणाली. जावा तिच्यामागं गेल्या. पाच जणींचं जेवण कोसिवाच्या पुढ्यात राहिलं. त्यातलं थोडं तिनं मला भिंतीवरून दिलं. कालवण उत्तम झालं होतं. मी तसं सांगितलं.

दोन दिवसांनी पाळी लेबेनेची होती. तिथं काय झालं ते मला नंतर अफीनं सांगितलं. कोसिवा नेहमीसारखी सुरी घेऊन गेली.

"आलीस?" लेबेने म्हणाली. "तुला द्यायला आत्ता माझ्याकडं पैसे नाहीत. संध्याकाळपर्यंत बघते."

"पैसे कोण मागतंय, ताई?"

"तू नाही मागणार. पण तुझ्याकडं मी पैसे घेऊन सोललं. माझ्याकडं तू फुकट सोललंस, तर मी कोण झाले? तुझी चाकर. आणि वर तुझ्या उपकाराखाली."

"मग ते परत दे आणि विसरून जा."

"परत कशाला देऊ? मजुरी परत करायची म्हणजे काम केलंच नाही म्हणायचं. मी काम केलं होतं."

कोसिवा तरी बसली आणि दिवसभर सोलत राहिली. अफी म्हणते, तिच्यासमोरचा ढीग त्या दिवशी सगळ्यांत मोठा होता. संध्याकाळी लेबेने कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, उसने पैसे घेऊन आली, आणि तेवढ्याच नोटा सगळ्यांसमोर कोसिवाच्या तळहातावर ठेवल्या.

"फिटलं," ती म्हणाली. मग चौघींची ताटं वाढली. पाचवं वाढलं नाही.

त्यानंतर कोसिवाला कुणी पाळी सांगायला आलं नाही. सावड चार जणींची झाली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण गावातली चार माणसं बसून मिटवतात. इथं मिटवायला काही नव्हतंच. जी पगार घेते आणि पगार देते तिची पाळी कशी धरायची, हे कुणालाच कळत नव्हतं. रस्त्यात भेटल्या की चौघी तिला नमस्कार करत, मुलांची चौकशी करत. त्याहून वाईट मला काही वाटलं नाही.

कोसिवा पहाटे चारला उठत राहिली. आता ती रोज एकाच टोपलीएवढा कसावा उपटायची, कारण एकटीच्या हातानं तेवढाच सोलून व्हायचा. चुलीनं वाचवलेला वेळ सोलण्यात जाई. दुपारी ती चुलीपाशी बसे. धूर डोळ्यांत जात नसल्यामुळे तिला पार रस्त्यापर्यंतचं दिसे. पलीकडच्या छपराखालून चौघींचं हसणं येई. काय बोलल्या ते इतक्या लांबून कळत नसे, फक्त कुठं हसल्या ते कळे. तिचा हात कढईत गोल फिरत राही. बांबूवरच्या पेटीचा दिवा मिणमिणत राही.

एकदा अफी डोक्यावर गोणी घेऊन रस्त्यानं चालली होती. "काय गं कोसिवा," ती ओरडली, "तो तुझा बांबूवरचा नवरा कसा आहे? बोलतो का काही?"

"तुझ्यापेक्षा कमी बोलतो," कोसिवा म्हणाली.

"मग सुखी आहेस म्हणायची."

अफी हसत पुढं गेली. कोसिवा तिच्याकडं वळणापर्यंत बघत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "एफो, ती थांबली असती तर मी तिला पाणी दिलं असतं."

पाच महिने झाले आणि विद्यापीठात गटांच्या स्पर्धेचा दिवस आला. बँकेचे लोक, सरकारचे लोक, आक्राहून आलेले कंपनीवाले, सगळे मोठ्या सभागृहात बसले होते. चूल केली म्हणून मलाही मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. सेलोर्मच्या गटानं पडद्यावर आकडे दाखवले. धूर किती घटला, लाकूड किती वाचलं, उत्पन्न किती वाढलं. त्यात एकही आकडा खोटा नव्हता. बाजाराच्या दिवशी डोक्यावर चुली घेऊन फिरून त्यांनी अनोळखी बायकांना काही विकल्याही होत्या. मग कोसिवाला मंचावर बोलावलं. तिनं ठेवणीतलं निळं कापड नेसलं होतं.

एका परीक्षकानं मायेनं विचारलं, "आई, पूर्वी तुम्ही छपराखाली धुरात बसायचात. आता काम एकटीनं होतं, खोकला गेला. धुरातून सुटल्यावर काय करता?"

कोसिवानं विचार केला. "बसते," ती म्हणाली.

सभागृह हसलं आणि टाळ्या वाजल्या. त्यांना वाटलं, बाई आराम करते. बक्षीस सेलोर्मच्या गटाला मिळालं, कंपनीला भांडवल मिळालं. ते मिळायलाच हवं होतं. त्या पोरांनी हात भाजून घेतले होते, पत्रे वाहिले होते, नकार ऐकले होते. मला त्यांच्याबद्दल वाईट बोलता येणार नाही.

शेवटच्या महिन्यात सेलोर्म बांबूवरची पेटी काढून न्यायला आली. कोसिवा एकटी सोलत बसली होती. सेलोर्मनं चपला काढल्या, दुसरी सुरी उचलली आणि समोर बसून सोलू लागली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मावशी, मी येते तेव्हा तुम्ही कायम एकट्याच असता. बाकीच्या कुठं आहेत?"

"आहेत की. त्या काय, तिथं."

"मग इथं का येत नाहीत?"

कोसिवानं तिला सगळं सांगितलं, नोटांच्या घड्यांपासून. सेलोर्मचे हात थांबले.

"म्हणजे आमच्यामुळं."

"तुमच्यामुळं कशाला? तुम्ही मला पैसे दिलेत. त्यांना मी दिले."

"मी जाऊन बोलते लेबेनेमावशींशी. मॅडमना घेऊन जाते."

"नको," कोसिवा इतक्या जोरात म्हणाली की भिंतीवरची कोंबडी उडाली. "तू बोललीस की विद्यापीठ बोललं असं होईल. मग ती हो म्हणेल. तसलं हो मला नको."

सेलोर्म गेली. तिनं केंद्रात हे सांगितलं आणि मॅडमनी पद्धत बदलली. पुढच्या गावांत पगाराची गोष्ट काढण्याआधी तिथलं काम कसं वाटून होतं ते विचारायचं, आणि एकीला काही द्यायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवायचं. नवी चूल दोन कढयांची, समोरासमोर बसायची झाली. मी निवृत्त झालो होतो तरी तिचे पहिले टाके मीच घातले. चूल चांगली आहे. पण तिनं लेबेनेचं दार उघडणार नव्हतं.

पगार थांबला. कोसिवानं शेवटच्या महिन्याचे पैसे मोडले नाहीत. कशासाठी ठेवलेत असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "माहीत नाही. खर्चावंसं काही दिसत नाही."

पावसाळा संपत आला तेव्हा लेबेनेची आई वारली. खूप म्हातारी होती. पार्थिव जिल्ह्याच्या शवागारात ठेवलं आणि अंत्यविधीचा शनिवार ठरला. आमच्याकडं घाई नसते. लांबचे नातेवाईक यावे लागतात, आणि कापड शिवून व्हावं लागतं. कुटुंबाचं एक कापड, चर्चच्या मंडळाचं एक, आणि मृताची मुलगी व तिच्या ज्या जवळच्या, त्यांचं एक. कोण कुणाच्या कापडात आहे हे त्या दिवशी अख्खं गाव बघतं. ज्या बाया एका कापडात दिसल्या त्या एका घरच्या. जी वेगळ्या कापडात बसली ती पाहुणी, आणि पुढंही पाहुणीच राहते.

कोसिवा दुखवट्याला गेली. लेबेने चटईवर बसली होती. कोसिवानं तिचे दोन्ही हात हातांत घेतले. लेबेनेनं घेऊ दिले. अफी आणि दोघी जावा कडेला बसून शिंप्याबद्दल बोलत होत्या, बाह्या केवढ्या, गळा कसा. कोसिवा जवळ आली तशा गप्प झाल्या. एवढ्यावरून तिला कळलं की कापड निवडून झालंय. कोणतं ते कळलं नाही, आणि तिला कुणी सांगितलं नाही. अर्धा दिवस ती तिथं बसली. मग उठून आली.

त्या संध्याकाळी भिंतीपाशी मी तिला म्हणालो, "अफीला विचार ना. ती सांगेल. तिच्या पोटात काय राहतंय?"

"सांगेल. पण विचारून मिळालेलं कापड अंगावर कसं घालू? लेबेने सगळ्यांसमोर बघेल माझ्याकडं."

"मग काय करणार?"

"काळं घेईन. साधं. पाहुण्यांचं."

बाजाराच्या दिवशी ती राखून ठेवलेले पैसे घेऊन निघाली. मला खिळे घ्यायचे होते, म्हणून मी बरोबर गेलो. कापडवालीचं दुकान बाजाराच्या वरच्या अंगाला आहे. आमच्या भागातली निम्मी कापडं तिच्याकडूनच जातात, त्यामुळे कुठल्या घरी कोण वारलं हे तिला पाद्र्याच्या आधी कळतं.

"काळं दे," कोसिवा म्हणाली. "साधं. सहा वार."

"कुणासाठी?"

"लेबेनेच्या आईच्या शनिवारसाठी."

कापडवालीनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग फळीवरून एक घडी काढून तिच्यापुढं ठेवली. काळ्यावर गडद तांबडी वेल होती.

"हे तिच्या बायकांचं," कापडवाली म्हणाली. "पाच कापायला सांगितली होती. चार नेली. हे राहिलंय."

कोसिवानं हात पुढं केला नाही. "कुणाचं आहे?"

"नाव नाही सांगितलं. मी विचारलं, पाचवं कुणाच्या नावावर लिहू? तर म्हणाली, लिहू नको. जिचं आहे ती येईल आणि आपले पैसे आपण देईल. मी विचारलं, नाही आली तर? म्हणाली, तर फळीवर राहू दे." कापडवालीनं कपाळाला हात लावला. "तुमची लेबेने, बाई! आई गेलीय तरी आवाज तसाच. दुकानात नुसती उभी राहिली तरी मला वाटतं माझंच काहीतरी चुकलंय."

कोसिवा घडीकडं बघत राहिली. मग तिनं बोटांनी कापडाची कड चाचपली, जशी कुठल्याही कापडाची चाचपते तशी. मी खिळ्यांच्या दुकानाकडं तोंड करून उभा राहिलो.

"शेवटचं उरलंय," कापडवाली म्हणाली. "तुला कमी लावते. तू नेहमीची."

"चौघींनी काय दिलं?"

कापडवालीनं सांगितलं.

"तेवढेच घे," कोसिवा म्हणाली आणि कमरेची गाठ सोडली. "कमी नको. जास्तही नको."